कार्डाचा चौथा कोपरा

पोस्टकार्डाला चार कोपरे असतात आणि चारही कोपऱ्यांना काम असतं, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी होती, की मजकूर मधोमध लिहायचा असतो आणि कोपरे आपले कार्डाबरोबर फुकट येतात.

आमच्या ह्यांना तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर नोकरी लागली, म्हणून आम्ही वाई सोडून बेटेगावला आलो. जानकीबायच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. मागे त्यांची चिकूची वाडी, पुढे ओसरी, आणि ओसरीवर सकाळ-संध्याकाळ स्वतः जानकीबाय. वय अडुसष्ट. महिनाभरात आमची मैत्री झाली. माझ्या वयाच्या बायकांशी माझं जमत नाही. बोलायला बसलं की पाचव्या मिनिटाला त्या मुलांच्या खोकल्यावर येतात. जानकीबाय, त्यांच्या शेजारच्या हिराबाय (पासष्ट) आणि रोज दुपारी बोईसरहून येणाऱ्या पार्वतीकाकू (एकसष्ट, म्हणून आमच्यात लहान) यांचं तसं नव्हतं. मुलांविषयी त्याही बोलायच्या, पण फक्त तक्रारी. ते मला आवडायचं.

होळीची राख थंड झाली त्या आठवड्यातली गोष्ट. जानकीबाय ओसरीवर पाय पसरून गुडघ्यांना तेल चोळत होत्या. चोळता चोळता एकदम म्हणाल्या, "शिंदू, मी मालक्षुमीला चालत जानार."

"कुठल्या?"

"इवळवेढ्याच्या. डानूच्या पल्याड."

"चालत?"

"मंग काय लोलत?"

त्यामागे नवस होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा, वसंता, मुदतीच्या तापाने हातचा जायला आला होता. तेव्हा जानकीबाय डहाणूपलीकडच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला बोलल्या होत्या, की पोर उठू दे, माझ्या उंबऱ्यापासून तुझ्या पायरीपर्यंत माझ्या पायांनी येईन. पोर उठलं. नुसतं उठलं नाही, तर मोठं होऊन वैतरणा स्टेशनात नोकरीला लागलं, लग्न करून बसलं आणि आईला सल्ले द्यायला लागलं. थोरला दामू पालघरला शाळेत कारकून. दोघंही दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी चालत जाऊ आई, यंदा गाडीने जाऊन ये." जानकीबाय गाडीने जायला तयार नव्हत्या. देवीला पाय बोललेत, चाकं नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि आता पायही निरोप घ्यायला लागले होते. दिवाळीपासून ओसरीच्या तीन पायऱ्या त्या बसून उतरत होत्या.

"औंदा नाय तर कदीच नाय गो," त्या म्हणाल्या. "देवी बावीस वरसं थांबली. गुडगं थांबनार नाय."

मी गहिवरणाऱ्यांतली नाही. मी वही आणली.

तासाभरात सगळं आखून झालं. रविवारी पहाटे पाचला निघायचं. पहिला मुक्काम वाणगावला, हिराबायच्या भाचीकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवीच्या पायरीशी. चैत्रातली जत्रा भरायच्या आत जायचं, म्हणजे गर्दीत कोणाचा धक्का लागायला नको. आणि तोवर रोज संध्याकाळी सालवडपर्यंत चालायचा सराव.

सरावाच्या पहिल्या दिवशी मांजर आडवं गेलं म्हणून पार्वतीकाकू परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी समोरून रिकामी घागर आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच मांजर.

"अहो काकू, ते मांजर तिथलंच आहे. ते कुठे जाणार?"

"म्हणूनच म्हणते सिंधू, ते जाणार नसेल तर आपण जाऊ नये!"

सालवड आम्ही शेवटपर्यंत पाहिलं नाही.

हिराबायची तऱ्हा वेगळी. त्यांनी पिशवीत सगळ्यात खाली काय भरलंय, हे मला नाकाने कळलं.

"हिराबाय, देवीला जाताना सुकट?"

"जाताना कोन खातंय? येताना खानार."

"आणि वास?"

"वास पन येतानाच येल."

मी नाद सोडला आणि सामानाकडे लक्ष दिलं. वाटेत पाण्यासाठी एक नवं कोरं मडकं. ते बांधायला काथ्या. दोन लांब, सरळ बांबू आणि एक पांढरी चादर. कोणाचा पाय मुरगळला तर बांबूंना चादर बांधून झोळी करता यावी म्हणून (पाड्यावरून आजारी माणूस आणतात तशी). सगळ्यांनी कॅनव्हासचे बूट घालावेत, असाही ठराव मी मांडला. तो तीन विरुद्ध एक मतांनी पडला. मी एकटीने बोईसरच्या बाजारातून पांढरे बूट आणले आणि सुनावलं, "वाणगावला बघू, कोणाचे पाय शाबूत राहतात ते!" हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मला विसरायचं आहे.

राहता राहिले मुलगे. आधी कळवावं तर येऊन अडवणार. न कळवता जावं तर जानकीबायला ते पटेना.

"पोरांना न सांगता आय निंगून गेली, असं नको व्हायला," त्या म्हणाल्या.

यावर तोड मी काढली. शुक्रवारी सकाळी कार्ड टाकायचं. ते शनिवारी संध्याकाळी दामूच्या हातात पडेल. रविवारी पहाटे आम्ही रस्त्यावर! म्हणजे कळवलं तर खरं, पण अडवायला वेळ नाही. जानकीबाय माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघायला लागल्या, की मला स्वतःविषयी जरा आदरच वाटला.

शुक्रवारी सकाळी मी कार्ड घेऊन टेबलाशी बसले. आमचं टेबल डुगडुगतं. म्हणजे डुगडुगायचं. 'दामू' लिहायला घेतलं तर ऊकाराची शेपटी थेट पत्त्याच्या दिशेने निघाली. दुसरं कार्ड घरात नव्हतं आणि आसपास पायाखाली सारायला काही नव्हतं. मी काय केलं, तर त्याच कार्डाचा वरचा एक कोपरा टर्रकन फाडला, त्याची चौघडी केली आणि टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल काय घट्ट बसलं म्हणता! कोपऱ्यात नाहीतरी काही लिहायचं नव्हतं.

आता कोपरा गेल्यामुळे वर जागा कमी उरली, म्हणून 'श्री' गाळला. 'श्री' लिहिल्याने बातमीत काही फरक पडत नाही, असं माझं ठाम मत होतं. होतं.

"लिव," जानकीबाय म्हणाल्या. "आय चालली. कोनाचं आयकनार नाय. सगली तयारी झाली. यायचं तर या, नाय तर नका येव."

मी ते जरा शुद्ध आणि आटोपशीर केलं. कार्ड असं झालं:

"दामूभाऊ, तुमच्या आई चालल्या. आता त्या कोणाचं ऐकण्याच्या पलीकडे आहेत. रविवारी पहाटे पाचला इथून निघणार. सगळी तयारी मी केली आहे, तुम्ही दगदग करू नये. वसंताला कळवावे. यायचे असल्यास पाचच्या आत यावे, कोणासाठी थांबता येणार नाही. ऊन चढायच्या आत आटोपलेले बरे. सिंधू."

मी मोठ्याने वाचून दाखवलं. "चोख!" जानकीबाय म्हणाल्या. हिराबायनीही मान डोलावली. कोसभरावरचं मांजर हेरणाऱ्या पार्वतीकाकूंना हातभरावरचं हे कार्ड काही दिसलं नाही, कारण चष्मा घरी राहिला होता.

शनिवार दुपार. वहीत लिहिलं होतं: 'दोन ते चार, विश्रांती (सक्तीची).' जानकीबाय दोन केळी खाऊन ओसरीवर चटईवर आडव्या झाल्या. माश्यांचा त्रास नको म्हणून मी ती पांढरी चादर त्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत घातली आणि आत जाऊन दशम्या थापायला लागले. अर्ध्या तासाने पार्वतीकाकू बोईसरहून आल्या त्या धावतच.

"सिंधू! मागून रडणं ऐकू येतंय! निघायच्या आदल्या दिवशी मयत! रद्द कर यात्रा!"

"कोणाची मयत ते तरी कळू दे. दशमी करपेल, तिकडे बघा जरा."

मी पिठाचे हात पुसत बाहेर आले. स्टेशनाच्या रस्त्याने दहा-बारा माणसं येत होती. पुढे पालघरचा दामू, उघड्या डोक्याने. त्याच्यामागे त्याची बायको सुशीला, तिला दोन्हीकडून धरलेल्या दोन शेजारणी आणि मागे आळीतली आणखी माणसं. एकाच्या हातात केळीच्या पानात बांधलेला हार. मला फार वाईट वाटलं. बिचाऱ्याच्या सासरी काहीतरी झालं असणार. मी फाटकापर्यंत गेले.

"अरेरे! दामूभाऊ, कोण गेलं हो?"

दामू जागच्या जागी थिजला. "तुम्ही विचारता?"

"मग कोणाला विचारू?"

"आई..." म्हणून त्याने फाटकाच्या खांबावर डोकं टेकलं.

"कोणाची आई?"

"माझी!"

मला आधी अर्थच लागेना. नंतर लागला. अर्ध्या तासापूर्वी दोन केळी खाल्लेली बाई! मी आत दशम्या थापत होते, एका भिंतीपलीकडे, आणि मला पत्ता नाही! बातमी पालघरला पोचून तिथून माणसं आली तरी मला पत्ता नाही!

"कधी गेल्या?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा ना, कधी!" दामू हुंदका देऊन म्हणाला. "शेवटी जवळ कोण होतं?"

मी वळून ओसरीकडे बघितलं. चटईवर जानकीबाय सरळ, निश्चल. पांढरी चादर डोक्यावरून ओढलेली. पायथ्याशी मात्र ती वर सरकलेली, आणि दोन पायांचे दोन आंगठे चिंधीने एकमेकांना घट्ट बांधलेले! अंगणात दोन बांबू. शेजारी काथ्या. शेजारी नवं मडकं. हे सगळं मीच आणलं होतं, पण त्या क्षणी ते कोणी आणि कशासाठी आणलं, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं.

माझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं तेव्हा मी ट्रंका मोजत होते. सासरे गेले तेव्हा मी चहा करत होते. अशी मी, सिंधू, फाटकात उभी राहून अशी किंचाळले, की चिकूच्या वाडीतले कावळे उठले.

"मी दशम्या थापत होते हो!" मी हंबरडा फोडला. "त्यांच्यासाठीच थापत होते!"

"सिंधूताई रडतायत!" सुशीला ओरडली. "म्हणजे खरंच गेल्या!" (इतका वेळ तिला आशा होती म्हणे.) मग मात्र सगळ्यांचा बांध फुटला. दामू बांबूंकडे बघत म्हणाला, "कार्डात लिहिल्याप्रमाणे सगळी तयारी... तुमचे उपकार कसे फेडू..." आणि भर अंगणात माझ्या पाया पडला. मी रडत रडत त्याला आशीर्वादही दिला. काय दिला, आठवत नाही. बहुधा 'दीर्घायुषी भव' दिला असावा.

गलका ऐकून शेजारून हिराबाय आल्या. एवढी माणसं बघून त्या खूश झाल्या.

"आलात? बरं झालं. आंगठे मीच बांदले हां. आता सकालपरयंत सुटायचं नाय."

सुशीलाने छाती पिटायला सुरुवात केली. आणि चादरीखालून आवाज आला,

"कोन मेला रं?"

रडणं मध्येच तुटलं. हार धरलेल्या माणसाचा हार खाली पडला. चादर बाजूला झाली आणि जानकीबाय उठून बसल्या.

"दामू? तू आज कसा? कोन मेला? बोल की!"

इथपर्यंत मंडळी टिकून होती. पण दामू बोलेना, तेव्हा जानकीबाय घाईघाईने उभ्या राहिल्या आणि आंगठे बांधलेले असल्यामुळे दोन उड्या मारत पुढे आल्या. मेलेलं माणूस उठून बसलं, तर माणसाचं मन एक वेळ समजूत काढून घेईल. उड्या मारत अंगावर आलं, तर नाही! सुशीला शेजारणींच्या हातांतून सुटून खाली गेली, कारण शेजारणी तिथे राहिल्याच नव्हत्या. हारवाला वाडीत पळाला. पळताना त्याचा पाय लागून मडकं फुटलं. पार्वतीकाकू उलथणं घेऊन दारात आल्या होत्या, त्या फुटक्या मडक्याकडे बघत म्हणाल्या, "घ्या! तेवढंच राहिलं होतं."

पुढचा पाऊण तास खुलासे चालले. हिराबायचं म्हणणं, आंगठे बांधले की पायात गोळे येत नाहीत. हा त्यांच्या आजीपासूनचा इलाज. मी आत होते म्हणून मला सांगायचं राहिलं. मग दामूने सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. ते त्या दिवशी सकाळच्याच डाकेने पोचलं होतं. त्याने ते चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलं. वर 'श्री' नाही. एक कोपरा फाडलेला.

"असं कार्ड कशाचं असतं, सिंधूताई?" त्याने विचारलं.

अहो, मला काय माहीत नव्हतं? माझ्या माहेरी असं मयताचं कार्ड आलं, की वाचून लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाहीत. पण शुक्रवारी सकाळी माझ्या डोक्यात मरण नव्हतंच हो, टेबल होतं!

"निदान मजकूर तरी वाचायचा!" मी म्हटलं.

"वाचला ना! 'आई चालल्या. पाचला निघणार. ऊन चढायच्या आत आटोपलेले बरे.'"

मला स्वतःचं वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकवेना. तरी मी हट्टाने म्हटलं, "अहो पण रविवारी पहाटेपर्यंत माणूस ठेवतं का कोणी?"

"आम्हालाही तेच वाटलं," सुशीला क्षीण आवाजात म्हणाली. "पण हे म्हणाले, सिंधूताईंच्या हाती कारभार आहे म्हणजे वेळापत्रक असणारच."

यावर सगळे हसले. हसणं ओसरलं आणि दामूला राग आला. तोही नको तिथे आला.

"चालत? या गुडघ्यांनी? विवळवेढ्याला? अजिबात नाही! आई, तू कुठेही जायचं नाहीस. उद्या मी तुला पालघरला घेऊन जातो."

झालं! अडवायला वेळ मिळू नये म्हणून मी एवढी अक्कल चालवली, आणि अडवायला बारा माणसं दारात आणून उभी केली होती. चिंधी सोडून जानकीबाय आंगठे चोळत बसल्या. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते, आणि मला ते मघाच्या चादरीपेक्षा वाईट दिसलं.

तेवढ्यात वसंता आला. दामूने पालघर स्टेशनातून वैतरण्याला फोनवर निरोप दिला होता. वसंता फाटकातून आत आला आणि मी तोंडावर हात ठेवला. त्याचं डोकं गुळगुळीत होतं! मिशीसुद्धा नव्हती!

"अरे, हे काय?" दामू ओरडला.

"इथे न्हावी मिळेल न मिळेल, म्हणून पालघरला उतरून..." असं म्हणता म्हणता त्याने ओसरीवर आई बघितली आणि तो मटकन खाली बसला. जानकीबाय उठल्या आणि त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवायला लागल्या.

"तापात पन अशीच केलती तुजी हजामत," त्या म्हणाल्या. "असाच दिसत व्हतास. याच डोक्यासाटी देवीला बोलले व्हते मी."

मग पार्वतीकाकू पुढे आल्या, उलथण्यासकट.

"एक सांगू का? आई जिवंत असताना मुलाने मिशी काढून मुंडण केलं, हा महाअपशकुन!"

"काकू, आत्ता नको," मी म्हटलं.

"ऐकून तर घे! जिवंतपणी असं मुंडण एकाच ठिकाणी चालतं. तीर्थाला! देवाला! आता याला देवीच्या पायरीवर नेल्याशिवाय सुटका नाही. आणि नवस याच्याच नावाचा. म्हणजे आईबरोबर, आणि पायीच!"

तीन दिवस या बाईने एका मांजरापायी मला छळलं होतं. त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

जानकीबायनी लगेच धागा उचलला. "दामू, किती मानसं आनलीस?"

"बारा."

"मेले असते तर खांद्यावर नेली असतीस ना?"

"आई, असं काय बोलतेस!"

"नेली असतीस का नाय?"

"नेली असती."

"मंग मेल्यावर खांदा देनार, तो जितेपनी हात दे. खांदा नको. पाय हायत मला."

आणि जानकीबायनी लगोलग विचारलं, "रजा किती टाकलीस?"

"तेरा दिवस."

"कशापायी?"

"तुझ्या..." तो चाचरला. "दिवसांसाठी."

"मंग घाल की माजे दिवस! माज्याच संगतीत घाल."

सुशीला पुन्हा रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. तांब्याने, कारण मडकं फुटलं होतं.

रविवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. चार बायका निघायच्या, त्या अकरा माणसं निघाली. सुशीला, दामू, वसंता आणि पालघरच्या आळीतली चार माणसं. "घरी स्मशानात चाललो म्हणून सांगून आलोय, त्यापेक्षा हे बरं," हारवाला म्हणाला. बांबूंच्या काठ्या केल्या. जानकीबाय एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात वसंताचा हात धरून, ओसरीच्या तीनही पायऱ्या उभ्याने उतरल्या. मग रस्त्याला लागल्यावर त्या अशा काही चालायला लागल्या, की दामू दर अर्ध्या तासाने "आई, जरा बसू या का?" विचारत होता, आणि ते त्याच्या स्वतःसाठी होतं. वाटेत पांगारे लालभडक फुलले होते. मला ते फारसे दिसले नाहीत. माझं लक्ष बुटांकडे होतं.

नवे बूट बोईसर ओलांडेपर्यंत चावले. पुढे ते खायलाच लागले. वाणगावला भाचीच्या अंगणात ते काढले, तेव्हा टाचांवर लिंबाएवढे फोड होते आणि करंगळ्यांविषयी मी इथे लिहीत नाही. अडुसष्ट वर्षांच्या जानकीबाय वहाणा झटकून माझ्याशेजारी बसल्या.

"शिंदू, वानगावला काय तरी बगायचं व्हतं ना गो? कोनाचे पाय शाबूत ते?"

सोमवारी सकाळी सगळे पुढे गेले. हिराबाय, पार्वतीकाकू, एवढंच काय, पालघरचा हारवालाही गेला. "तुमच्याच चादरीची झोळी करून नेतो," दामू म्हणाला. मी नाही म्हटलं. देवीला मी वाणगावातूनच नमस्कार केला आणि भाचीच्या नवऱ्याच्या पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीत आडवी होऊन बेटेगावला निघाले. ऊन लागू नये म्हणून भाचीने अंगावर पांढरी चादर घातली. पायांत गोळे येऊ नयेत म्हणून मावशीचा इलाजही केला. आंगठे बांधले.

बोईसरच्या नाक्यावर गाडी थांबली. चादरीखाली मला फक्त आवाज येत होते. चहाच्या टपरीवरचा गलका एकदम बंद झाला. बांधकामावरचे मजूर असावेत. कोणीतरी हळू आवाजात विचारलं, "कौन थी, भैया?"

भाचीचा नवरा मितभाषी माणूस. तो म्हणाला, "चालली नाय, म्हनून आनली."

"अहो, सरळ सांगा ना, बूट चावले म्हणून!" मी चादर फेकून उठून बसले. पुढचं मी नीट पाहिलं नाही, पण एक सायकल गटारात गेल्याचा आवाज आला आणि टपरीवर चहा बराच उरला असावा.

ही बातमी माझ्याआधी बेटेगावला पोचली. हे बांधकामावरून धापा टाकत घरी आले आणि मला ओसरीवर बसलेली बघून दारातच थबकले.

"तू जिवंत आहेस?"

"आहे."

"मग कार्ड टाकू नकोस कोणाला," हे म्हणाले आणि हात-पाय धुवायला गेले.

त्या आठवड्याच्या शेवटी दामूच्या अक्षरातलं कार्ड आलं. वर ओळीने तीन 'श्री'. चारही कोपऱ्यांना शाईने एकेक गोल काढलेला, म्हणजे मोजून घ्यायला सोपं. "आई पायांनी पोचली. शेवटच्या पायऱ्या वसंताला हात न लावू देता चढली. देवीला तुमचाही नमस्कार सांगितला आहे. तुमचे पाय वाणगावला राहिले, एवढं कारण तिने देवीला कळवलं आहे."

तेव्हापासून मी वाण्याच्या यादीवरसुद्धा आधी 'श्री' लिहिते. कार्ड हातात घेतलं की चारी कोपरे चाचपते. माझ्या आखणीतली एकही गोष्ट ठरल्याप्रमाणे झाली नाही, असं हे अजून चारचौघांत सांगतात. ते साफ खोटं आहे. टेबल त्या दिवसापासून एकदाही डुगडुगलेलं नाही.